राखायचे झाड आधी

चंद्रपूर

चि. भाच्यास,


रानात वर्षभरात जेवढी भर पडते तेवढेच, शक्यतो त्याहून थोडे कमी, रानातून काढावे आणि मूळ ठेवीला हात लावू नये, हा शाश्वत वनव्यवस्थापनाचा पाया आहे. हा विचार युरोपात प्रथम ग्रंथरूपाने मांडला तो जर्मनीतील खाणींचा प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने, १७१३ साली. सॅक्सनीतील चांदीच्या खाणी आणि भट्ट्या यांच्यामुळे आसपासची राने संपत आली होती. झाडे संपली तर भट्टीही विझेल, हे त्याने ओळखले. भारतात १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस पहिला वन महानिरीक्षक झाला आणि १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा उघडली. आज महाराष्ट्रात चिखलदरा, पाल, कुंडल आणि चंद्रपूर येथे वनकर्मचारी आणि अधिकारी घडवले जातात. वर्गात कायदा, वनस्पतिशास्त्र आणि नकाशावाचन शिकवता येते. झाडासमोर उभे राहून ते राखायचे की काढायचे हे ठरवणे मात्र रानातच शिकावे लागते. प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचा सगळा भर या एका निर्णयावर असतो.

पहिला धडा पायी फिरण्याचा. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते आणि त्याचे अनेक कक्ष पाडलेले असतात. नकाशा, होकायंत्र आणि जीपीएस यांच्या मदतीने प्रत्येक कक्षाची हद्द एकदा तरी पूर्ण चालून पाहावी लागते. हद्दीचा कोणता दगड जागेवर आहे, कोणता ढासळला आहे, कोणत्या नाल्याने पात्र बदलले आहे, याची नोंद या फेरीतच होते. हीच फेरी वर्षातून तीन वेळा करण्याला कारण आहे. पावसाळ्यात नवे अंकुर आणि पाण्याच्या वाटा दिसतात. हिवाळ्यात गवताची उंची आणि झाडांची दाटी कळते. उन्हाळ्यात साग निष्पर्ण झाला की उघडी जमीन, तिची धूप आणि गुरांच्या वाटा नजरेत येतात. एका ऋतूत पाहिलेले रान अर्धेच पाहिलेले असते.

दुसरा धडा मोजमापाचा. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीवर मोजतात. उतारावरच्या झाडाची ही उंची चढाच्या बाजूने धरायची, कललेल्या झाडाची खोडाच्या कलाने. छातीच्या खाली दुभंगलेले झाड दोन झाडे म्हणून नोंदवायचे. मोजायच्या ठिकाणी गाठ किंवा फुगवटा असेल तर टेप थोडी वर किंवा खाली सरकवायची आणि तसे वहीत लिहायचे. नियम साधे दिसतात, पण दोन माणसांनी एकच झाड मोजले आणि आकडे जुळले नाहीत, तर दहा वर्षांनी वाढीचा हिशेबही जुळत नाही. तोडलेल्या ओंडक्याचे घनमान चौथाई घेराच्या रीतीने काढतात: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. मध्यावर १२० सेंटिमीटर घेर आणि ३ मीटर लांबी असलेल्या ओंडक्याचे घनमान ०.३० गुणिले ०.३० गुणिले ३, म्हणजे ०.२७ घनमीटर येते. ओंडका खराखुरा गोल धरला तर ते सुमारे ०.३४ घनमीटर भरते. चौथाई घेराची रीत पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त सोडून देते, हे शिकाऊ माणसाला माहीत असावे. नाहीतर रानातला आकडा आणि आगारातला आकडा यांची तुलना करताना त्याचा गोंधळ उडतो.

सगळे रान मोजणे शक्य नसते, म्हणून नमुना क्षेत्रे घेतात. ०.१ हेक्टरचा चौकोन आखायचा तर प्रत्येक बाजू ३१.६२ मीटर येते. त्याच्या आत झुडपांसाठी आणि गवतासाठी लहान चौकोन आखतात. मोठी झाडे मोजणे सोपे असते. खरी कसोटी गुडघाभर रोपे मोजण्यात आहे. यंदाचा अंकुर, अजून तग न धरलेले रोप आणि मूळ धरून उभे राहिलेले रोप, या तीन पायऱ्या वेगळ्या मोजाव्या लागतात. मोठ्या झाडांची दाटी आणि खाली एकही तग धरलेले रोप नाही, असे रान वरून भरलेले दिसले तरी ते म्हातारे होत चाललेले असते.

या मोजणीवर कार्य आयोजना उभी राहते. ती साधारण दहा वर्षांसाठी असते आणि कोणत्या वर्षी कोणत्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या भागात, काय काम करायचे ते तीत लिहिलेले असते. तिच्यामागचा हिशेब एका उदाहरणाने कळतो. समजा, १,२०० हेक्टर रान आहे आणि झाड पक्व व्हायला ६० वर्षे लागतात. तर दरवर्षी २० हेक्टरांचाच कूप घ्यायचा. शेवटचा कूप संपेपर्यंत पहिला पुन्हा तयार झालेला असतो. पण यातली सगळी जमीन तोडीची नसते. २५ अंशांहून जास्त उतार आणि नदीनाल्यांच्या दोन्ही काठांचे २० मीटरचे पट्टे तोडीतून वगळतात, कारण तिथले झाड गेले की माती जाते आणि मागे फक्त मुरूम उरतो. म्हणून कूप आखताना हे वगळायचे भाग नकाशावर आधी रंगवावेत, मग उरलेल्या जागेत तोडीचा विचार करावा.

तिसरा धडा खुणा करण्याचा, आणि प्रशिक्षणातला हा सगळ्यात जबाबदारीचा भाग आहे. काढायच्या झाडावर छातीच्या उंचीला आणि बुंध्याशी, अशा दोन ठिकाणी क्रमांक आणि हातोड्याचा शिक्का मारतात. बुंध्याची खूण तोडीच्या रेषेखाली असते. झाड पडल्यावरही ती खुंटावर राहते आणि परवानगीचे झाड कोणते व चोरीचे कोणते हे नंतर पडताळता येते. खुणा करताना नवखा माणूस जाड, सरळ झाडाकडे आधी वळतो. शिकवणाऱ्याने त्याला तिथेच थांबवावे. आधी बीजवृक्ष निवडायचे: सरळ खोडाचे, निरोगी, पुरेसा विस्तार असलेले आणि एकमेकांपासून योग्य अंतरावर. मग मोह, चारोळी, आवळा, बेहडा ही फळझाडे राखून ठेवायची. मग पोकळीची आणि उभी वाळलेली काही झाडे राखायची. एवढे झाल्यावर जे उरते त्यातून वाकडे, रोगट, बांडगुळाने ग्रासलेले आणि पक्व झाड काढायला घ्यायचे. या क्रमाने चालले तर हातोडा क्वचितच चुकतो.

ढोलीची झाडे राखण्याला महाराष्ट्रात एक मोठा आधार आहे. वन पिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांच्या नजरेतून नाहीसे झाले होते. ते नामशेष झाले असे मानले जात असताना १९९७ च्या नोव्हेंबरात आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले. मेळघाटातही त्याची वस्ती आहे. हा पक्षी सागाच्या कोरड्या रानात राहतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. लाकूड म्हणून निरुपयोगी ठरलेले पोकळ झाड काढून रान 'स्वच्छ' करण्याची सवय जिथे असते, तिथे अशा पक्ष्याचे घरच जाते.

तोडीच्या प्रात्यक्षिकात माणसाचा जीव पहिला. पडण्याची दिशा ठरवून त्या बाजूला खोडाच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी खाच घेतात. मागचा काप तिच्या थोडा वर घेतात आणि मध्ये लाकडाची बिजागरी शिल्लक ठेवतात. झाड त्या बिजागरीवर वळून पडते. मागे तिरकस दिशेला पळवाट आधीच साफ केलेली असावी. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली कोणीही जाऊ नये. वारा सुटला असेल तर त्या दिवशी तोड थांबवावी.

झाड पडल्यावर खुंटाकडे पाहावे. साग आणि धावडा यांसारखी झाडे खुंटातून पुन्हा फुटतात. त्यासाठी काप जमिनीलगत, गुळगुळीत आणि थोडा उतरता हवा, म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही. साल सुटली तर फुटवा अशक्त येतो. पुढे एका खुंटावर आलेल्या अनेक फुटव्यांतून एकदोन जोमदार तेवढे ठेवून बाकीचे छाटतात. लागवडीच्या सागालाही हीच शिस्त लागते. रोपवाटिकेत सुमारे वर्षभर वाढलेले, अंगठ्याएवढे जाड रोप उपटून त्याचे बोटभर खोड आणि वीतभर सोटमूळ ठेवतात. ही सागजडी पाऊस सुरू होताच पहारीने पाडलेल्या छिद्रात बसवतात आणि मुळाशी पोकळी राहू नये म्हणून माती घट्ट दाबतात. २ मीटर बाय २ मीटर अंतराने एका हेक्टरात २,५०० जड्या बसतात. साग उजेडाचा भुकेला आहे. शेंडे एकमेकांना भिडले की वाढ खुंटते. म्हणून पहिली विरळणी चार-पाच वर्षांनी आणि पुढच्या ठरावीक अंतराने करत जातात. अखेरीस या अडीच हजारांतली फार थोडी झाडे उभी राहतात. ती कोणती असतील हे पहिल्याच विरळणीपासून ठरत जाते, म्हणून विरळणीतही आधी राखायच्या झाडाला खूण करावी.

बांबूचे काम वेगळे आणि नाजूक. मानवेल बांबूच्या बेटात या पावसाळ्यात आलेला कोंब तोडायचा नसतो, कारण पुढच्या वर्षीच्या कोंबांना आधार आणि अन्न तोच देतो. नवे बांबू बेटाच्या कडेला येतात आणि जुने आत राहतात, त्यामुळे मजूर सोपी कड तोडतो आणि आतला जुना बांबू तसाच गुंतून सडतो. यावर उपाय म्हणजे बेट घोड्याच्या नालेसारखे एका बाजूने उघडून आत शिरणे आणि जुने बांबू आधी काढणे. काप जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, पेराच्या लगेच वर घ्यावा. कंद कधीही खणू नये. कोंब फुटण्याच्या पावसाळ्यात तोड बंद ठेवावी आणि त्याच बेटाकडे पुन्हा तीन-चार वर्षांनी वळावे. अनेक दशकांतून एकदा बेट फुलते आणि मरते. त्या वेळी बी जमिनीवर पडेपर्यंत ते तोडायचे नाही, कारण पुढचे रान त्याच बियांतून येणार असते.

वणव्याचा काळ महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याआधी तयार हव्यात: गवत कापून वाळवायचे आणि वारा शांत असताना नियंत्रणात जाळायचे. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर येते. पण ठिकाण शोधून आग विझवायला माणसेच लागतात. पाला उडवणाऱ्या यंत्राने आगीपुढची वाट मोकळी करणे, हिरव्या फांद्यांनी कड झोडपणे आणि गरज पडल्यास अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली समोरून आग लावणे, या तिन्ही गोष्टींचा सराव हंगामाआधी व्हावा. आग अनेकदा मोहाच्या झाडाखाली फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावली जाते. झाडाखालचा पाला झाडून घेणे, खाली जुनी साडी अंथरणे, तेंदूच्या झुडपांची वेळेवर खुटकटाई, म्हणजे छाटणी, करणे, हे पर्याय गावकऱ्यांसोबत बसून ठरवले तर आगी कमी लागतात. नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीने आग थांबत नाही.

त्यामुळे गाव हा प्रशिक्षणाचा शेवटचा आणि सर्वांत मोठा विषय ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि बांबूची गणना गौण वनोपजात केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकू लागली. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि गावचे अभ्यासगट प्रश्नांचा आधी अभ्यास करतात. अशा गावात वनरक्षकाने मोजणीचे कसब घेऊन जावे आणि त्यांच्याकडून रानाची स्मृती घ्यावी: कोणते बेट केव्हा फुलले, कोणत्या झऱ्याचे पाणी किती महिने टिकायचे, कोणत्या टेकडीवर पूर्वी बीजाची झाडे होती. यातले बरेच काही कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

या सगळ्याला जोडणारे साधन म्हणजे खिशातली वही. प्रत्येक कूपात तीन गोष्टी लिहाव्यात: काय काढले, काय राखले आणि राखलेले का राखले. पहिल्या दोन गोष्टी सरकारी नोंदीत येतात. तिसरी फक्त वनरक्षकाच्या वहीत असते. पाच वर्षांनी त्याच जागी परत जाऊन ती वही उघडावी आणि राखलेल्या झाडासमोर उभे राहून तपासावे. झाड जगले, बी पडले, खाली रोपे आली, तर निर्णय बरोबर होता. झाड वाळले, तर का, ते शोधावे आणि पुढच्या कूपात ती चूक टाळावी.

तोडीचा हिशेब वर्षअखेरीस बंद होतो. राखणीचा हिशेब वनरक्षक निवृत्त झाल्यावरही चालू राहतो, आणि त्याच्या कामाचा खरा निकाल तोच असतो.

तुझा मामा