ताप उतरला, मन उठले नाही
(कुटुंबात वाचावयाचा अभ्यास-पाठ)



घरातल्या माणसाचा ताप उतरला की आपण निश्चिंत होतो. चार दिवस पेज-भात झाला की त्याने कामावर जावे, तिने स्वयंपाकाला लागावे अशी अपेक्षा धरतो. पण कोरोना, डेंग्यू, चिकुनगुनिया अशा विषाणूंच्या आजारांत ताप गेल्यावरही पुष्कळांचा थकवा कित्येक आठवडे राहतो. चिकुनगुनियात सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. झोप उडते, विसर पडतो, उगाच रडू येते, कशातच मन लागत नाही. मग सासू म्हणते, "सूनबाई आळशी झाली." शेजारीण म्हणते, "हे बाहेरचे आहे, एकदा दाखवून आणा." ही दोन्ही बोलणी अज्ञानातून येतात आणि दोन्हींनी दुखणे वाढते.

कारण शोधा

कारणावाचून काहीही घडत नाही, ही धम्माची शिकवण. मग या उदासीलाही कारण असलेच पाहिजे. विषाणूशी झुंजताना शरीर जी रसायने तयार करते त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. म्हणूनच तापात भूक जाते, पडून राहावेसे वाटते, माणसे नकोशी होतात. काहींमध्ये ही स्थिती लवकर निवळत नाही. त्यात बुडालेली मजुरी, औषधाचे कर्ज आणि पुन्हा आजारी पडण्याची भीती यांची भर पडते. कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या अशा दुखण्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. थकवा, धाप आणि विचार करण्यात अडचण ही त्यातली ठळक लक्षणे आहेत. तेव्हा हे ढोंग नव्हे, करणी नव्हे आणि कुणा देवीचा कोपही नव्हे.

रुग्णाने काय शिकावे

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी कोणत्या रुग्णाची शुश्रूषा सोपी जाते हे पाच गोष्टींत सांगितले आहे. तो हितकारक तेच करतो. हितकारक गोष्टीचेही प्रमाण जाणतो. औषध घेतो. दुखणे वाढले, उतरले की तसेच आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो. आणि वेदना सहन करतो.

आज या पाच गोष्टी अशा समजून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. जंतूंवरची प्रतिजैविक औषधे विषाणूवर चालत नाहीत. तोंडाने खाता-पिता येत असताना केवळ "ताकद येते" म्हणून सलाईन लावून पैसा घालवू नका. काम थोडे थोडे वाढवा. आज अंगणात फिरा, चार दिवसांनी गल्लीच्या टोकापर्यंत जा. काम केल्यावर दुसऱ्या दिवशी थकवा दुणावला तर एक पायरी खाली या. अंगदुखीवर उपाय म्हणून दारू घेऊ नका. तिने झोप बिघडते, उदासी वाढते आणि पाचवे शीलही मोडते.

सहन करणे म्हणजे लपविणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. खरे सांगणे आणि सहन करणे या दोन्ही गोष्टी भगवंतांनी एकत्रच सांगितल्या आहेत. "मला जगावेसे वाटत नाही" हेही दुखण्याचे लक्षण आहे. ते सांगण्यात लाज कसली?

घरच्यांनी काय शिकावे

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. तो औषध देऊ शकतो, पथ्य-कुपथ्य जाणतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्राची किळस धरत नाही आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करतो. म्हणजे रुग्णाच्या मनाची काळजी हा शुश्रूषेचाच भाग आहे.

हे कसे करावे याचे उदाहरण अंगुत्तर निकायात आहे. नकुलपिता हा गृहस्थ अतिशय आजारी होता. आपल्यामागे संसाराचे काय होईल, ही चिंता त्याला खात असेल हे त्याच्या पत्नीने, नकुलमातेने, ओळखले. तिने "चिंता करू नका" एवढेच सांगून त्याला गप्प केले नाही. आपल्याला सूत कातता येते, आपण मुले सांभाळू, घर चालवू, शील पाळू, अशी एकेका चिंतेला तिने नेमकी उत्तरे दिली. नकुलपिता बरा झाला. अजून अशक्तच असल्याने काठी टेकीत तो भगवंतांकडे आला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

तुम्हीही तसेच करा. "महिनाभर भाजी-किराण्याचे मी पाहतो." "मुलाची फी भरली आहे." "पाणी आता थोरला भरील." चिंता कशाची आहे ते ओळखून उत्तर दिले की मनावरचे ओझे उतरते.

डॉक्टर केव्हा गाठावा

उदासी, निरुत्साह बहुतेक दिवसभर राहून दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात दाखवा. रक्त कमी असणे, मधुमेह, थायरॉइडचा बिघाड यांनीही असाच थकवा येतो. त्यांची तपासणी करता येते. धाप लागणे, छातीत दुखणे, बरळणे, फेफरे यांपैकी काही दिसल्यास त्याच क्षणी न्या. मरणाची भाषा कोणी करीत असेल तर त्याला एकटे सोडू नका. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही.

भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपण दीक्षा घेताना उतारे-नवस सोडले. पण घरात दुखणे लांबले की जुनी वाट पुन्हा खुणावते. दीक्षेची खरी कसोटी लागते ती अशाच वेळी. त्या वेळी पाय देवऋषाकडे न वळता दवाखान्याकडे वळले पाहिजेत.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी आजारातून उठलेल्या माणसाला आपण किती दिवस विश्रांती देतो? स्त्रीला आणि पुरुषाला सारखीच देतो का?
२. नकुलमातेने पतीची चिंता कशी दूर केली?
३. सहन करणे आणि लपविणे यांत फरक कोणता?
४. जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे आणि ते केव्हा उघडते, हे घरातील प्रत्येकाला माहीत आहे का?

सर्वांचे मंगल होवो.