सातचे चौदा

अक्राणी तालुक्यात, धडगावकडच्या आशाताई आणि त्यांच्या गटप्रवर्तकांसाठी आम्ही चॅटचं ॲप केलं होतं. न वाचलेले मेसेज किती, ते ग्रुपच्या नावापुढच्या लाल गोलात दिसायचं. त्या गोलाच्या युनिट टेस्ट मी नंदुरबार शहरात, भरपूर रेंजमध्ये बसून लिहिल्या. मेसेज आला की एक वाढतो, चॅट उघडली की शून्य. सगळ्या टेस्ट पास.

महिनाभराने एक ताई म्हणाल्या, "दादा, तो आकडा मी बघतच नाही. सात मेसेज असले तर चौदा दाखवतो." लसीकरणाचा दिवस बदलल्याचा मेसेज त्यांच्याकडून तसाच राहिला होता. लेकरं कडेवर घेऊन आया डोंगर उतरल्या आणि तशाच परत गेल्या. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

पाड्यावर रेंज येते-जाते. मेसेज फोनवर पोचतो, पण पोचल्याची पावती सर्व्हरला मिळण्याआधीच रेंज जाते. मग सर्व्हर तोच मेसेज पुन्हा पाठवतो. माझा कोड दोन्ही वेळा एक मिळवत होता. म्हणून सांगतो, आकडा मिळवत-वजा करत सांभाळू नका. प्रत्येक मेसेजला ओळखक्रमांक द्या आणि शेवटच्या वाचलेल्या मेसेजनंतरचे, इतरांनी पाठवलेले तेवढेच मोजा, एक क्रमांक एकदाच. टेस्टमध्ये तोच मेसेज दोनदा पाठवा, नंतरचा आधी पाठवा, चॅट उघडी असतानाच नवा येऊ द्या.

दुसरी चूक मराठीची होती, आणि ती मला जास्त लागली. ९९ च्या पुढे '९९+' दिसायला हवं होतं. ताईंच्या फोनवर ते कधी दिसलंच नाही. मी आकडा आधी मजकुरात बदलत होतो आणि मग ९९ शी ताडून पाहत होतो. इंग्रजी अंकांतला मजकूर जावास्क्रिप्ट गुपचूप संख्या मानतं, म्हणून टेस्ट पास व्हायची. देवनागरी '१२३' त्याच्या लेखी संख्याच नाही, त्यामुळे तुलना कायम खोटी ठरायची. ताडून पाहणं आधी, अंक लिहिणं शेवटी, आणि टेस्ट मराठी भाषा लावूनच चालवा.

आमच्या फाइलमध्ये आता पहिली टेस्ट त्या ताईंची आहे: सात मेसेज, प्रत्येक दोनदा, गोलात '७'.