पहिली मोटारसायकल कशी निवडावी?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण केवळ पैशापुरती नाही. पहिली मोटारसायकल घेतानाही ती ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते.

गिअरच्या गाडीचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. तेव्हा शाळेत असेतोवर सायकलच बरी.

पुढे गाडी घेताना पहिली परीक्षा वजनाची. १०० सीसीच्या साध्या गाडीचे वजन सुमारे ११० किलो, तर ३५० सीसीच्या बुलेटचे १९० किलोंच्या आसपास असते. कललेली गाडी पायांवरच सावरावी लागते. म्हणून बैठकीवर बसून दोन्ही पाय जमिनीस नीट टेकतात की नाही, हे पाहावे. इंजिन बंद ठेवून गाडी हातांनी मागेपुढे ढकलून पाहावी.

दुसरी परीक्षा ब्रेकची. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. तुळजापूरच्या घाटात अथवा नळदुर्ग-उमरगा हमरस्त्यावर मालमोटारींच्या रहदारीत हाच आवर प्राण राखतो.

आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरावे. हात बसल्यावर मोठी गाडी केव्हाही घेता येईल. आरंभी मात्र आपणांस पेलेल तीच घ्यावी.