बाटलीतील बुडबुडे आणि बाळाचा श्वास

एक उंच पेला पाण्याने भरा. त्यात एक नळी ५ सें.मी. खोल बुडवून हळूच फुंका. बुडबुडे येतील. नळी १० सें.मी. खोल नेली, तर बुडबुडे काढण्यास अधिक जोर लागेल. आता खोली तीच ठेवून जरा जोराने फुंका. बुडबुडे भराभर येतील, पण नळीतील हवेचा दाब फारसा वाढणार नाही, कारण जादा हवा पाण्यातून निसटून जाते. कुकरखालची ज्योत मोठी केली, तरी आतला दाब शिट्टीचे वजनच ठरवते. तसाच हा प्रकार आहे.

हा दाब किती असतो? दाब = खोली × घनता × गुरुत्वत्वरण. ५ सें.मी. पाण्यासाठी ०.०५ × १००० × ९.८ = ४९० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही हा कमी आहे. पण एवढासा दाब बाळाचा जीव वाचवू शकतो. कसा ते पाहू.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या आतील बाजूस द्रवाचा पातळ थर असतो. या थराचा पृष्ठताण वायुकोश आकसण्याचा प्रयत्न करतो. त्याला तोंड देण्यासाठी लागणारा दाब वायुकोशाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे वायुकोश जितका लहान, तितका तो उघडणे कठीण. मिटलेला वायुकोश उघडण्यास तर फारच श्रम पडतात. निरोगी फुप्फुसांत पृष्ठताण कमी करणारा एक पदार्थ तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा नसतो. न्युमोनियात वायुकोशांत द्रव साचतो. अशा वेळी उच्छ्वासानंतर अनेक वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते उघडता उघडता बाळ थकून जाते.

मग वायुकोश मिटूच दिले नाहीत तर? श्वासमार्गात सतत थोडा जादा दाब ठेवायचा, ही ती कल्पना. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासाच्या तीव्र विकाराने आजारी असलेल्या २० नवजात बाळांवर ती वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १६ बाळे जगली.

गरीब देशांतील रुग्णालयांना महागडी यंत्रे कशी परवडणार? ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी हाताशी असलेल्या वस्तूच जोडल्या. प्राणवायू नळीने बाळाच्या नाकपुड्यांपर्यंत न्यायचा. त्याच मार्गाला जोडलेल्या दुसऱ्या नळीचे टोक शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीतील पाण्यात बुडवायचे. किती दाब हवा ते बुडालेली लांबी ठरवते. बुडबुडे थांबले, तर बहुधा कोठेतरी गळती आहे, असे परिचारिकेला लांबूनही कळते. दाबमापक आणि सुरक्षा झडप अशी दोन्ही कामे ती बाटलीच करते!

२०११ ते २०१३ या काळात तीव्र न्युमोनिया झालेल्या, पाच वर्षांखालील २२५ मुलांवर या पद्धतीची चाचणी झाली. नेहमीच्या मंद प्रवाहाने प्राणवायू दिलेल्या मुलांपैकी १५ टक्के दगावली, तर बाटलीच्या गटातील ४ टक्के. फरक इतका ठळक दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

पण गोष्ट येथे संपत नाही. मलावी देशातील एका जिल्हा रुग्णालयात बुडबुड्यांच्या पद्धतीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तेथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. या पद्धतीने उपचार केलेल्या मुलांपैकी १७ टक्के दगावली, तर साधा प्राणवायू दिलेल्यांपैकी ११ टक्के. पाण्याचा नियम ढाक्यात आणि मलावीत एकच आहे. पण रोगी मूल म्हणजे पाण्याचा पेला नव्हे. कोणत्या मुलाला हा उपचार द्यावा, केव्हा थांबवावा, हे ठरवणारी जाणती माणसे शेजारी हवीत. स्वस्त साधनाबरोबर ती येतातच असे नाही. म्हणून तुमचा प्रयोग पेल्यापुरताच ठेवा. नळी कोणाच्याही नाकातोंडाला जोडून पाहू नका.

आता दोन प्रश्न. बाटली दुप्पट रुंद घेतली, पण नळी तितकीच खोल ठेवली, तर दाब बदलेल का? आणि साध्या पाण्याऐवजी मिठाचे पाणी घेतले तर? उत्तरे वरील सूत्रातच आहेत. ती शोधून आपल्या शिक्षकांना सांगा.