मोरीचं पाणी जातं कुठे?

सख्यांनो, नळ घरात आला, डोक्यावरचा हंडा उतरला. पण वापरलेलं पाणी दाराबाहेर गेलं की आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो. या महिन्याच्या बैठकीत त्याचाच हिशेब मांडू या.

हिशेब सोपा आहे
जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात झालं 275 लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 220 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. शंभर घरांच्या वस्तीत रोज 22,000 लिटर! म्हणजे दोन टँकर भरतील एवढं.

ते जातं कुठे?
रस्त्यावर, उघड्या गटारात, नाल्यात. साबण, सोडा, खरकटं, तेलकटपणा सगळं त्यात असतं. हातपंपाचा ओटा फुटलेला असेल आणि शेजारी डबकं असेल, तर तेच पाणी खाली मुरून परत आपल्याच हंड्यात येतं. मग लेकरांना जुलाब, दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी. गटारातला क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास मात्र घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकी घासून कोरडी करायचीच.

शोषखड्डा असा करा
नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. हीच पद्धत पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर माहीत झाली.
1. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्या.
2. तळाला दगड टाकून मधोमध सिमेंटची छोटी टाकी ठेवा. टाकीला वरच्या बाजूला भोकं हवीत. गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून बाहेर पडतं.
3. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड भरा. त्यावर गोणपाट आणि माती टाका. टाकीला झाकण लावा.
4. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवा. शितं, केस आत गेले की खड्डा तुंबतो. टाकीतला गाळ अधूनमधून काढा.

हे विसरू नका
विहीर, हातपंपापासून खड्डा निदान तीस फूट लांब हवा. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही. चिकट काळी माती असेल किंवा पावसाळ्यात पाणी वर येत असेल, तर खड्डा भरून राहतो. तिथे सांडपाणी परसबागेत केळी, पपईच्या मुळाशी सोडा. कोथिंबीर, मेथीला घालू नका.

आधी पाणी वाचवा
भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी ओटा धुवायला वापरा. साबणाची पावडर मोजून घ्या. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असं नसतं.

बैठकीत ठरवा
- आपल्या गटात कुणाकुणाच्या दारात डबकं साचतं? नावं लिहा.
- हातपंपापासून तीस फुटांच्या आत कुणाचं सांडपाणी जातं?
- रोजगार हमीतून शोषखड्डे मिळतील का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला कोण विचारणार? ग्रामसभेत मागणी कोण मांडणार?
- गावात पाणी तपासणी किट कुणाकडे आहे? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. त्यात आपल्या गटातली कोण आहे?

एकीने खड्डा केला आणि शेजारणीचं डबकं तसंच राहिलं, तर डास काही उंबरा बघून थांबत नाही. हे काम बचतीसारखंच आहे, सगळ्यांनी मिळून केलं तरच फळतं.