पानांवरील ठिपके आणि त्यांचा प्रतिबंध

रत्नागिरी जिल्ह्यांत ज्यांच्या दारीं आंब्याचें एखादेंही कलम नाहीं अशीं घरें थोडीं. श्रावण-भाद्रपदांत त्या कलमाचीं पानें निरखून पाहिलीं, तर त्यांवर तपकिरी-काळे ठिपके आढळतात. पुष्कळ पालक विचारतात, "हे ठिपके कोणत्या औषधानें जातील?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आरंभींच देतों : पडलेला ठिपका कोणत्याही औषधानें जात नाहीं. पानाचा तेवढा भाग मेलेला असतो. मनुष्याच्या कातडीवरील जखम जशी भरून येते, तशी पानाची येत नाहीं. म्हणून इलाज करावयाचा तो डागळलेल्या पानासाठीं नव्हे, तर अद्याप निरोगी असलेल्या पानासाठीं.

आंब्यावरील ह्या रोगास करपा म्हणतात. कोलेटोट्रायकम नांवाच्या सूक्ष्म बुरशीपासून तो होतो. रोगट पानें व वाळलेल्या काड्या झाडावर किंवा झाडाखालीं राहिल्या, म्हणजे ही बुरशी त्यांत दबा धरून बसते. पाऊस पडूं लागला कीं तिचे असंख्य बीजकण पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कोवळ्या पालवीवर उडतात, व पान कांहीं तास ओलें राहिलें कीं तेथें रुजतात. जून पान बऱ्याच अंशीं टिकाव धरतें. कोवळें पान मात्र लवकर बळी पडतें. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच कोसळतो. तेव्हां करप्यास ही भूमि किती मानवते, हें निराळें सांगावयास नको.

हीच बुरशी अवकाळी पावसांत मोहोर काळा करते. याहूनही कपटी गोष्ट अशी, कीं ती हिरव्या फळाच्या सालींत शिरून निमूट पडून राहते व फळ अढींत पिकूं लागलें म्हणजे काळ्या डागांच्या रूपानें प्रकट होते. झाडावरून उतरलेला निर्दोष आंबा पेटींत डागळतो, आणि बागाइतदाराच्या वर्षाच्या श्रमांचें मोल निम्म्यावर येतें. पानावरील ठिपका हा अशा रीतीनें पुढील नुकसानीची आगाऊ सूचना होय.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय विनामूल्य आहे, तो म्हणजे स्वच्छता. वाळलेल्या फांद्या छाटाव्यात, रोगट पानें गोळा करून खोल पुरावीं, आणि दाट फांद्या विरळ करून झाडाच्या पोटांत ऊन व वारा खेळूं द्यावा. कुंडींतील व परसांतील रोपांस पाणी सकाळीं व मुळाशीं घालावें. पानांवर शिंपूं नये. रोपें एकमेकांस चिकटून लावूं नयेत.

दुसरा उपाय बोर्डो मिश्रणाचा. इ. स. १८८२ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो शहराच्या परिसरांत, रस्त्याकडेचीं द्राक्षें वाटसरूंनीं तोडूं नयेत म्हणून, मळेवाले त्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपीत. इतर वेलींचीं पानें केवडा रोगानें गळत असतां ह्या वेली हिरव्यागार राहिल्या, हें प्राध्यापक मिलार्दे ह्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं प्रयोग करून १८८५ सालीं हें मिश्रण प्रसिद्धीस आणलें. कोंकणांत सुपारीच्या कोळेरोगावरही पावसाळ्यापूर्वीं ह्याचीच फवारणी करितात.

दहा लिटर मिश्रणाची कृति अशी : मातीच्या किंवा प्लास्टिकच्या एका भांड्यांत १०० ग्रॅम मोरचूद पांच लिटर पाण्यांत विरघळवावा. दुसऱ्यांत १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून त्यांत पांच लिटर होईल इतकें पाणी घालावें. निवाल्यावर दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यांत एकाच वेळीं ओतीत काठीनें ढवळावें व फडक्यानें गाळावें. मग घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी मिनिटभर त्यांत बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला, तर मोकळा मोरचूद उरला आहे असें समजून आणखी चुन्याचें पाणी घालावें. नाहीं तर पानें करपतील. लोखंडी भांडें वापरूं नये. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. मोरचूद हें विष आहे व चुना विरतांना उकळतो. म्हणून हें काम वडील माणसांनींच, तोंडास फडकें बांधून करावें.

फवारणी पावसाळ्यापूर्वीं व पुढें उघाडींत करावी; पानाच्या दोन्ही बाजू भिजाव्यात. पानावरील तांब्याचा पातळ थर बीजकणास रुजूं देत नाहीं, परंतु पानांत शिरलेल्या बुरशीस तो पोहोंचत नाहीं. मोहोर उमलला असतां हें मिश्रण फवारूं नये. त्या काळासाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठानें, ज्याची स्थापना १९७२ सालीं झाली, मोहोरसंरक्षणाचें वेळापत्रक घालून दिलें आहे.

प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असें मात्र नाहीं. खारा वारा, कडक ऊन किंवा पोटॅशची उणीव ह्यांनींही पानांच्या कडा करपतात, आणि तेथें फवारणीचा खर्च व्यर्थ जातो. विद्यार्थ्यांनीं डागाळलेलें पान ओल्या टीपकागदावर ठेवून कांचेच्या भांड्यानें झांकावें. करपा असल्यास बहुधा कांहीं दिवसांत डागावर फिकट नारिंगी कण उठतात. ते भिंगांतून पाहावे. तेच बीजकणांचे पुंजके होत.

इ. स. १९४२ सालीं बंगालमध्यें भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके पडून पीक बुडालें. पुढील वर्षींच्या भयंकर दुष्काळाच्या कारणांत युद्धकालीन धोरण व महागाई ह्यांबरोबर ह्या ठिपक्यांचीही गणना होते. म्हणून ठिपका लहान म्हणून उपेक्षूं नये. एकाच्या अंगणांतील कुजका पालापाचोळा शेजाऱ्याच्या कलमासही बाधतो. यास्तव वाडींतील सर्व घरांनीं वैशाखांतच मिळून झाडलोट व छाटणी केली, तर आषाढांतील पालवी पुष्कळ अंशीं निर्मळ राहील.