“याले जरा समजावा”

चिखली-मेहकरकडून आलेले आईवडील खुर्चीत टेकायच्या आतच म्हणतात, “डॉक्टर, याले जरा समजावा.” सोबतचा १५-१६ वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. घरी, शाळेत, ट्यूशनला सगळे त्याला समजावतच असतात. आणखी एक समजावणारा त्याला नको असतो.

म्हणून मी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवतो. मुलाला सांगतो, तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच घरी सांगेन, तेही तुला सांगून. पहिल्या एक-दोन भेटी क्रिकेट आणि मोबाईलवर बोलण्यातच जातात. पालकांना वाटतं, पैसे वाया गेले. पण भरवसा बसल्याशिवाय खरं दुखणं ओठावर येत नाही. परतताना एसटीत “काय विचारलं रे?” असं खोदू नका, एवढं कराच.

मोठी माणसं येतात ती झोप नाही, छातीत धडधड होते म्हणून. तपासण्या नॉर्मल निघतात. मग हळूच कळतं, “सोयाबीन गेलं, आता माझा काय उपयोग?” इथे मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत वापरतो. पीक गेलं ही घटना. ‘मी निकामी’ हा आपण काढलेला निष्कर्ष. दोन्ही वहीत वेगवेगळे लिहायला लावतो. बोलण्यानं कर्ज फिटत नाही. पण रात्री झोप लागली, तर सकाळी बँकेत जाऊन बोलायचं बळ येतं.

मी बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. सैलानीच्या दर्ग्याला जायची श्रद्धा असेल तर जरूर जा, फक्त चालू गोळ्या बंद करू नका.

कुणी “जगावंसं वाटत नाही” म्हणालं, तर जवळ बसून सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. गावच्या आशाताईंनाही सांगा. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पात २०१५पासून त्या अशा माणसांना हेरून मदतीपर्यंत नेण्याचं काम करत आल्या आहेत. आणि फवारणीचं औषध आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.